घडण्याची घाई

उन्हाळ्याच्या तोंडावर महाविद्यालयांचे वार्षिक अंक निघतात आणि त्यात प्रथम वर्षाच्या मुलामुलींचा एक लेख हमखास असतो. लिहिणाऱ्याचं नाव बदलतं, मजकूर फारसा बदलत नाही. आलो तेव्हा बुजरा होतो, चारचौघांत बोलताना पाय लटपटायचे. मग सरांनी पाठीवर हात ठेवला, सूत्रसंचालन केलं, शिबिराला गेलो, आता कुठेही न घाबरता बोलतो. या वर्षाने मला घडवलं. लिहिणाऱ्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. जे विचारलं जातं त्याचं अपेक्षित उत्तर ती देतात. खोट विचारण्यातच आहे. पहिल्या वर्षात माणूस किती वाढला हे त्याच्या आवाजावरून, ताठ मानेवरून आणि फाईलमधल्या प्रमाणपत्रांवरून मोजायचं असं आपण ठरवून टाकलं आहे, आणि या मोजणीला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं भारदस्त नाव दिलं आहे.

माझं म्हणणं असं की पदवीच्या पहिल्या वर्षाची खरी कमाई म्हणजे घरून आणलेली ठाम मतं सैल होणं आणि ती काही काळ तशीच सैल ठेवण्याची हिंमत येणं. त्यासाठी एकच गोष्ट लागते, सवड. धीटपणा, स्वावलंबन, जबाबदारीची जाणीव या गोष्टी चांगल्याच आहेत. पण पाथर्डीसारख्या तालुक्यातली कितीतरी मुलं त्या घरूनच घेऊन येतात. त्यांच्यापाशी जे आधीच आहे ते पुन्हा शिकवण्यात आपण वर्ष घालवतो, आणि जे फक्त इथेच मिळण्यासारखं आहे ते राहून जातं.

१. स्वावलंबन कोणाला शिकवता?

पहिल्या वर्षाचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं ते एका विशिष्ट घरातलं आहे. आई डबा भरून देते, वडील फी भरतात, आणि अठराव्या वर्षी ते मूल पहिल्यांदा घराबाहेर पडतं. कपडे धुणं, महिन्याचे पैसे पुरवणं, आजारी पडल्यावर एकट्याने दवाखान्यात जाणं हे सगळं त्याला नवं असतं. त्याच्या बाबतीत ‘कॉलेजने मला माझ्या पायावर उभं केलं’ हे वाक्य खरं असू शकतं. फक्त त्या घराचा पत्ता बहुधा पुण्याचा असतो.

पाथर्डीत काय दिसतं? तालुका पर्जन्यछायेतला. गर्भगिरीच्या डोंगरांत आणि पूर्वेला खरवंडीच्या बाजूला पावसावरची शेती, तीही बेभरवशाची. आदिनाथनगरला वृद्धेश्वर साखर कारखाना उभा आहे, तरी ऊस तोडायला इथली माणसं दूरदूरच्या कारखान्यांवर जातात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मोहटादेवीचं नवरात्र उरकलं, दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली धाकटी भावंडं, एखादी म्हैस, चार शेळ्या आणि पेरलेली ज्वारी.

आता महाविद्यालयाचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवा. जून-जुलैत प्रवेश होतो. विद्यार्थी म्हणून कसं वागायचं हे अंगवळणी पडेपर्यंत पहिल्या सत्राची परीक्षा येते, आणि नेमकं त्याच सुमाराला घर रिकामं होतं. अठरा वर्षांची मुलगी त्या दिवसापासून घरातली कर्ती असते. रेशन तीच आणते, आजीच्या गोळ्या तीच संपू देत नाही, भावाच्या शाळेतून बोलावणं आलं की पालक म्हणून तीच जाऊन उभी राहते. कोणी कोणी तर पहिलं सत्र संपवून स्वतःच फडात जातात आणि एकदम परीक्षेलाच उगवतात. या मुलांसमोर वेळेच्या नियोजनावर व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याची मला कधी कधी कीव येते. समोर बसलेल्या पोरीने त्या दिवशी पहाटेपासून किती कामं उरकली आहेत हे त्याला कळलं, तर तो आपलं भाषण तिथेच मिटून ठेवील.

सगळी पाथर्डी काही ऊसतोडणीला जात नाही, हे खरं. गावात जुनी बाजारपेठ आहे, नोकरदार आहेत, तिलोक जैन विद्यालयासारखी जुनी शाळा आहे. बाबूजी आव्हाड महाविद्यालय गावातच आहे आणि दादापाटील राजळे महाविद्यालय आदिनाथनगरला. त्यामुळे पदवीसाठी करंजीचा घाट उतरून पन्नासेक किलोमीटरवरच्या नगरलाच गेलं पाहिजे, ही अट कधीच संपली. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, एसटीत बसलेला माणूस अजून नगरच म्हणतो.) पण कॉलेज जवळ येण्याचा एक परिणाम आपण नीट पाहिलेला नाही. घर सोडून न जाता शिकणारा मोठा वर्ग यातून तयार झाला. त्यांच्या वाढीचं मोजमाप मात्र आपण घर सोडून गेलेल्यांच्या पट्टीनेच करत राहिलो.

या पट्टीने मोजलं की ही मुलगी ‘बुजरी’ ठरते. वर्गात ती बोलत नाही, हे खरं. पण तीच मुलगी आठवडी बाजारात शेळीचा भाव पाडू देत नाही आणि मुकादमाच्या माणसाला दारातच थांबवते. तिच्यात धीटपणाची उणीव नाही. वर्गात जे विचारलं जातं त्यात तिला ठाऊक असलेलं काहीच नसतं, म्हणून ती गप्प असते.

२. मग या वर्षाने द्यायचं काय?

हार्वर्ड विद्यापीठातले विल्यम पेरी यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत एक साधा उद्योग केला. वर्ष संपलं की विद्यार्थ्यांना बोलवायचं आणि या वर्षात तुझ्या लक्षात राहण्यासारखं काय घडलं, एवढं विचारून ऐकत बसायचं. या मुलाखतींवरचं त्यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं. त्यांना दिसलं ते थोडक्यात असं. मुलं येतात तेव्हा जगात एक बरोबर उत्तर असतं आणि ते शिक्षकाला माहीत असतं, अशी त्यांची समजूत असते. पुढे एकाच प्रश्नाला अनेक उत्तरं असलेली पाहून ती गोंधळतात. काही चिडतात, काही ‘मग काहीही चालतं’ म्हणून हात झटकतात. आणि बऱ्याच उशिरा, सगळ्या बाजू दिसत असतानाही एक बाजू विचारपूर्वक आपली म्हणून घ्यावी लागते, हे त्यांना उमगतं.

पेरींसमोर बसलेली मुलं एका श्रीमंत विद्यापीठातली होती, बहुतेक सगळे मुलगेच. तरी त्यांचा निष्कर्ष मला पाथर्डीत अधिक लागू वाटतो, फक्त इथे मत बदलण्याची किंमत निराळी आहे. तिथल्या मुलाचं मत बदललं तर जेवणाच्या टेबलावर वाद होत असेल. इथल्या मुलाचं मत घराच्या भाकरीला बांधलेलं असतं.

उचलीचंच घ्या. घरात उचल म्हणजे अडीनडीला मिळालेला आधार. बहिणीचं लग्न त्यावर झालं, बापाचं ऑपरेशन त्यावर झालं, आणि देणारा मुकादम बहुतेक वेळा आपल्याच गावचा, पुष्कळदा आपल्याच जातीचा. तो ‘आपला माणूस’. अर्थशास्त्राच्या तासाला त्याच उचलीचं दुसरं रूप समोर येतं. ती आगाऊ मजुरी आहे, म्हणजेच कर्ज आहे. ती फिटेपर्यंत मजुराला दुसरा मालक शोधता येत नाही. आणि काम टनावर मोजलं जात असल्याने आजारपणाचा दिवस मजुराच्या खात्यावर पडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला तेव्हा गावोगाव समाधान होतं, आणि ते साहजिक होतं. पण करार तीन वर्षांचा. वर्गात बसलेल्या पोराच्या मनात पहिल्यांदा प्रश्न येतो, दर तीन वर्षं गोठला, तर किराणाही गोठणार आहे का? आणि मुकादमाचं कमिशन नेमकं कोणत्या कामाचं?

या पोराने बापाला चूक ठरवलेलं नाही. मुकादमाबद्दलची कृतज्ञताही संपलेली नाही, कारण ऑपरेशन खरंच झालं होतं. आधार आणि पाश या दोन्ही गोष्टी एकाच पैशात असू शकतात, एवढं त्याला दिसू लागलं. मी वाढ म्हणतो ती ही. आणि ती दिसायला अजिबात दिमाखदार नसते. जूनमध्ये हा मुलगा ऊसतोडीच्या प्रश्नावर पाच मिनिटं तडाखेबंद बोलला असता. फेब्रुवारीत तो अडखळतो, ‘म्हणजे तसं नाही, पण’ म्हणून थांबतो. वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक त्याला जूनपेक्षा कमी गुण देईल. माझ्या मते तो जूनपेक्षा पुष्कळ पुढे आलेला आहे. खऱ्या वाढीच्या काळात माणूस काही दिवस कमी आत्मविश्वासू दिसतो, आणि आत्मविश्वासाच्या पट्टीने मोजणारी व्यवस्था नेमकी त्याच टप्प्यावर त्याला ‘मागे पडलेला’ ठरवते.

पाथर्डीपासून फार लांब नसलेल्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं. शिक्षणापासून शतकानुशतकं दूर ठेवलेल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी ते होतं. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. नागसेन उत्तरं देणारा भिक्खू. मिलिंद हा त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा आणि अखेर पटल्यावर तसं कबूल करणारा ग्रीक राजा. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला विचारणाऱ्याचं नाव दिलं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढत होतं, त्या मुलांकडून त्यांची अपेक्षा सूत्रसंचालनाची नव्हती.

३. सवडीचा हिशेब

मत सैल व्हायला वेळ लागतो, आणि तो मोकळा लागतो. तासाला ऐकलेली गोष्ट घरी जाताना डोक्यात घोळली पाहिजे, कट्ट्यावर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी त्यावर वाद झाला पाहिजे, ग्रंथालयात भलतंच पुस्तक हाती लागलं पाहिजे. सुस्थितीतल्या घरातल्या मुलांना हा वेळ आयता मिळतो आणि त्यालाच आपण टाइमपास म्हणून नावं ठेवतो. ज्यांना तो मिळत नाही त्यांना आपण सांगतो की कष्टानेच माणूस घडतो.

इथे कोणी कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेईल. ‘कमवा आणि शिका’ हे महाराष्ट्राचं अभिमानस्थान आहे, आणि विद्यापीठाची योजनाही कर्मवीरांच्याच नावाने चालते. पण कर्मवीरांनी काय केलं ते नीट पाहावं. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह उभारताना आणि १९४७ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढताना त्यांनी काम विद्यार्थ्याच्या दारी आणलं. श्रम ठरावीक तासांचे, जेवणाची सोय झालेली, आणि उरलेला वेळ मुलाचा. कामाने शिक्षणाला जागा करून द्यावी अशी ती रचना होती. कामात पिचलेल्या मुलाला ‘बघ, तू किती कणखर आहेस’ असं सांगून परत पाठवणं हा त्या विचाराचा विपर्यास आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं असा तिचा आराखडा, आणि पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाथर्डी आहे. वसतिगृह म्हणजे झोपण्याची जागा एवढंच आपण पाहतो. माझ्या लेखी तिथला खरा लाभ संध्याकाळचा आहे. चुलीपासून सुटलेली संध्याकाळ मिळाली तर पहिल्या वर्षाची मुलगी काय काय वाचील याचा अंदाज आपल्याला नाही, कारण तशी संध्याकाळ आपण तिला क्वचितच दिली आहे.

आता नवं वेळापत्रक पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चौकट राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे मुख्य विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याचा अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम असं भरगच्च ताट मांडलं जातं. हेतू चांगला आहे, विषयांच्या भिंती पाडण्याचा. पण दोन-दोन श्रेयांकांचे तुकडे गोळा करत फिरणाऱ्या मुलाला एका प्रश्नाशी चार आठवडे थांबायला जागा कुठे राहते?

४. एका वर्षानंतरचं दार

याच धोरणातली एक तरतूद मला सर्वांत जास्त खटकते. पहिलं वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ श्रेयांक मिळवले आणि वर ४ श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम केला की विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वजनदार आहे. पूर्वी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सुटलेल्या मुलाच्या हाती काहीच नसायचं. आता निदान कागद तरी आहे. शिवाय तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

पहिला मुद्दा मी निम्मा मान्य करतो. कागद नसण्यापेक्षा असलेला बरा. पण पहिल्या वर्षाचं पीक पहिल्या वर्षाअखेर कापता येत नाही. मतं सैल झालेली, नवी अजून बसलेली नाहीत, अशा अर्धवट स्थितीत मूल असतं, आणि आपण नेमकं तिथे दार ठेवून त्यावर ‘पूर्ण’ अशी पाटी लावतो. ज्या घरात पैसा आहे तिथलं मूल त्या दाराकडे वळूनही बघणार नाही. ते दार वापरेल तो ज्याच्या घरी उचल फिटायची आहे.

परत येण्याच्या मुभेबद्दल तर कागद आणि वास्तव यांच्यात सगळं अंतर आहे. मुलींचा विचार करा. अठरा पूर्ण झाल्याने लग्नाला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. एकट्याचा अर्धा कोयता, जोडीचा पूर्ण. उचल जोडीला मिळते. म्हणजे लग्नामागे एक रोकडा हिशेब उभा आहे. अशा घरात आजवर मुलीची एकच ढाल होती, ‘शिक्षण अजून पुरं झालेलं नाही’. एका वर्षाचं प्रमाणपत्र ती ढाल काढून घेतं. झालं की आता, सरकारनेच लिहून दिलंय! सात वर्षांची मुभा तिच्यासाठी छापलेली आहे, पण त्या सात वर्षांत तिच्या मांडीवर काय आणि हातात काय असेल हे धोरण लिहिणाऱ्याने विचारलेलं दिसत नाही.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप पोटाचा. शंका घेऊन भाकरी मिळत नाही. पोलीस भरती, लष्कर, स्पर्धा परीक्षा यांची तयारी करून घ्या, असं पालक म्हणतात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं छंद म्हणून धावत नाहीत. पण जागा थोड्या आणि धावणारे फार, हे गणित सगळ्यांना दिसतं. जे निवडले जाणार नाहीत त्यांच्यासाठी आपल्याकडे दुसरा काहीच विचार नसेल, तर पहिल्या वर्षापासून सगळ्या वर्गाला एकाच रांगेत उभं करणं हे शहाणपणाचं नाही. स्वतःची परिस्थिती वाचता येणारा माणूस रांगेत हरला तरी बाहेर पडून काय करायचं याचा विचार करू शकतो. उचलीचा कागद वाचून प्रश्न विचारणारा मुलगा बापाच्या पुढच्या करारात काही पैसे वाचवू शकतो, आणि तीही कमाईच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मतं सैल झाली की पोर घराला परकं होतं. शिकलेलं पोर गावात राहत नाही, राहिलं तर रमत नाही. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट टिंटो यांनी कॉलेज सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना जवळपास असंच सुचवलं होतं, की जुन्या समूहापासून सुटल्याशिवाय मूल नव्या जगात रुजत नाही. पुढे इतर अभ्यासकांनी त्यावर टीका केली. परिघावरच्या समाजातल्या मुलांना घर तोडायला सांगणं म्हणजे त्यांचा आधारच काढून घेणं आहे, असं त्यांनी दाखवलं. मी या टीकाकारांच्या बाजूने आहे. घर सोडलं म्हणजे वाढ होतेच असंही नाही. मराठीतली कॉलेज-जीवनावरची सर्वांत गाजलेली कादंबरी, भालचंद्र नेमाड्यांची १९६३ ची ‘कोसला’, खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची आहे. पांडुरंग सांगवीकर मेसपासून संमेलनापर्यंत सगळे उद्योग करतो, आजच्या भाषेत नेतृत्वगुण वगैरे दाखवतो, आणि परीक्षा हरून गावी परततो. त्याचं घर सुटलं, पुढारीपणही करून झालं, आणि त्यातून तो घडला असं कोणी म्हणणार नाही. उलट संध्याकाळी वस्तीवर परतणाऱ्या मुलाला एक सोय आहे. दुपारी वर्गात ऐकलेलं तो रात्री आजीच्या तोंडच्या अनुभवाशी ताडून पाहू शकतो. होस्टेलवरच्या मुलाला ते मिळत नाही.

तिसरा आक्षेप, इंग्रजी आणि बोलण्याचा सराव यांना मी कमी लेखतो. तसं नाही. मुलाखतीत तोंड उघडता आलं पाहिजे आणि इंग्रजी अर्ज वाचता आला पाहिजे; ती हत्यारं आहेत आणि ती द्यायलाच हवीत. फक्त हत्याराला वाढ म्हणू नये.

६. करता येण्यासारखं

धोरण बदलणं पाथर्डीच्या हाती नाही, पण काही गोष्टी आहेत. ग्रंथालय दुपारनंतर उघडं ठेवणं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना कपाटापर्यंत जाऊ देणं, पुस्तक खिडकीतून मागायला न लावणं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल यांच्या प्रकल्पाला उचल, टन आणि कमिशन हे विषय देणं. गैरहजर मुलाचं नाव ७५ टक्क्यांच्या नियमाने कापण्याआधी तो फडात आहे की घरी भावंडं सांभाळतो आहे, एवढं विचारणं. आणि एका वर्षाचं प्रमाणपत्र मागायला आलेल्या मुलीशी, तिच्या घरच्यांना बोलावून, निदान एकदा बसून बोलणं.

यातलं बहुतेक दिवाळीआधी व्हायला हवं. दिवाळीनंतर बोलावून कोणी येणार नाही, कारण घरी कोणी नसेल. कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन होण्याआधी, सप्टेंबरातच, प्राचार्यांनी प्रथम वर्षाच्या याद्या घेऊन वर्गशिक्षकांसोबत बसावं आणि यंदा कोणाचं घर रिकामं होणार आहे ते नावानिशी लिहून काढावं. त्याला शासन निर्णय लागत नाही आणि निधीही लागत नाही.